वर्गणीपलीकडचा सभासद : एका व्यावसायिक संस्थेच्या सभासदत्वाचे परीक्षण

मोजमाप, उपकरणे आणि कॅलिब्रेशन (उपकरणाचे माप प्रमाणित मापाशी ताडून पाहणे) या क्षेत्रांत काम करणाऱ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संस्थेची मी बरीच वर्षे सभासद आहे आणि त्यातील मोठा काळ तिच्या समित्यांवर मानद काम केले आहे. संस्थेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे दोष सांगणार आहे ते अनेक संस्थांत आढळतात आणि नाव आले की चर्चा दोषांवरून घसरून त्या एका संस्थेवर जाते. अशा सभासदत्वाविषयी लिहिताना बहुधा नियतकालिकाचा दर्जा, परिषदेच्या शुल्कातील सवलत आणि नावापुढे लावता येणारी अक्षरे एवढ्याचाच हिशेब मांडला जातो. त्या हिशेबात ही संस्था उत्तीर्ण होते आणि केवळ तेवढ्यासाठी वर्गणी भरणाऱ्याला पश्चात्ताप होणार नाही. मी जे तपासले ते वेगळे आहे. सभासद आपला वेळ विनामोबदला देऊ करतो तेव्हा संस्था त्या वेळेचे काय करते, आणि संस्थेचे निर्णय कोण घेतो व त्या जागेवर तो कोणत्या वाटेने पोहोचतो, हे दोन प्रश्न मला वर्गणीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे वाटतात.

माझे मत आधीच सांगते. सभासदांचा सहभाग मोहिमा काढून वाढत नाही. नेमके, आटोपशीर आणि संपणारे काम हाती दिले आणि मोठी पदे मुदत संपताच रिकामी झाली, तर तो वाढतो. या संस्थेने पहिली गोष्ट फार चांगल्या रीतीने साधली आहे आणि दुसऱ्या गोष्टीकडे चिंताजनक दुर्लक्ष केले आहे.

सभासद झाल्यावर लगेच स्वयंसेवकांच्या नोंदणीचा ऑनलाइन अर्ज येतो. शिक्षण, अनुभव, कोणकोणत्या भाषा येतात, महिन्याला किती तास देता येतील, समितीत रस आहे की शाखेत, अशी सविस्तर विचारणा त्यात असते. अर्ज पाठवला की आभाराचे ठरावीक उत्तर येते आणि त्यानंतर पुढे काहीच होत नाही. पुढे समितीत गेल्यावर यामागचे कारण समजले. अर्जांतील माहितीची यादी कार्यालयात नियमित अद्ययावत होते, परंतु समित्यांचे अध्यक्ष ती उघडून पाहत नाहीत. पुढच्या बैठकीच्या आत रिकामी जागा भरायची असते, ओळखीची चार-पाच नावे डोळ्यांसमोर असतात आणि त्यांतल्याच कोणाला तरी विचारले जाते. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, पण उत्साहाने अर्ज भरणाऱ्या नव्या सभासदाला आपली येथे गरज नाही असाच निरोप जातो आणि तो पुन्हा कधी हात वर करत नाही. काम नसेल तर अर्ज मागवू नयेत, आणि मागवले तर नकाराचे का होईना पण माणसाने लिहिलेले उत्तर द्यावे, अशी माझी लेखी सूचना संस्थेकडे आहे. ती अजून विचाराधीन आहे.

याच संस्थेचे कार्यगट मात्र आदर्श म्हणावेत असे आहेत, आणि त्यांच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. कॅलिब्रेशनच्या प्रमाणपत्रावर मापनाची अनिश्चितता, म्हणजे मोजलेले माप खऱ्या मापापेक्षा किती कमी-जास्त असू शकते हे, कसे नोंदवावे, याविषयी एक मार्गदर्शक टिपण तयार करण्यासाठी असा एक गट नेमला गेला होता आणि त्यात मला काम करता आले. गट स्थापन होण्यापूर्वी दीड पानाची कार्यकक्षा प्रसिद्ध झाली. टिपणात काय येईल, काय येणार नाही, मसुद्याला अंतिम मान्यता कोण देईल, प्रत्येक टप्पा कधी पूर्ण व्हायला हवा आणि टिपण प्रकाशित झाले की गट आपोआप विसर्जित होईल, हे सारे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. निवेदन सर्व सभासदांकडे गेले आणि साधारण किती तासांचे काम पडेल याचा प्रामाणिक अंदाजही त्यात होता. या एका वाक्यामुळे नोकरी आणि घर सांभाळून काम करू पाहणाऱ्या कितीतरी जणांना होकार देता आला असावा असे मला वाटते. ‘थोडा वेळ लागेल’ असे सांगून ज्यांना आणले जाते ते पुढे अर्ध्यातच गळतात. किती वेळ लागेल हे आधी कळलेला माणूस एकतर येत नाही किंवा आला तर शेवटपर्यंत थांबतो.

गटातील दोन जागा पूर्वी कोणत्याही समितीवर नसलेल्या सभासदांसाठी राखीव होत्या. प्रत्येकाला टिपणाचा एकच भाग दिला गेला आणि त्या भागासाठी दुसरा एक जण पर्यायी म्हणून नेमला गेला, त्यामुळे एखाद्याला महिनाभर सवड झाली नाही तरी काम अडत नव्हते. अध्यक्ष दोन होते, एक मोठ्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतून आलेले आणि दुसरे लहान कंपनीत काम करणारे, आणि ही जोडी हेतुपूर्वक निवडलेली होती. राष्ट्रीय प्रयोगशाळेला जी पद्धत सहज जमते ती दोन माणसांच्या प्रयोगशाळेला परवडत नाही, हे बैठकीत वारंवार आणि वेळेवर बोलले गेले. ऑनलाइन बैठकांच्या वेळा आळीपाळीने बदलत, म्हणजे दर वेळी एकाच खंडातील माणसांना मध्यरात्री जागावे लागत नसे. ही बाब किरकोळ वाटेल, पण आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या संस्थेत कोणाची झोप मोडते यावरून तिथे कोणाचे किती वजन आहे हे कळते.

सर्वांत मोलाची गोष्ट मसुद्यावरील हरकतींच्या तक्त्याची. मसुदा सर्व सभासदांसाठी खुला झाला आणि आलेल्या प्रत्येक हरकतीला क्रमांक देऊन तिच्यापुढे गटाचा निर्णय लिहिला गेला : मान्य, अंशतः मान्य, किंवा अमान्य. अमान्य असेल तर कारण द्यावेच लागे. अनेकदा या कारणांवर आमचा मूळ मजकुरापेक्षा अधिक वेळ गेला, आणि एकदा तर कारण लिहायला बसल्यावर हरकतच बरोबर असल्याचे आमच्या लक्षात आले व परिच्छेद बदलला गेला. पूर्ण तक्ता पुढे प्रसिद्ध झाला. ज्यांच्या हरकती कारणासह अमान्य झाल्या होत्या त्यांच्यापैकी काही जण पुढच्या कार्यगटासाठी आपणहून पुढे आले, हे मी स्वतः पाहिले आहे. माणसे नकाराने दुरावतात हा समज मला त्यानंतर खरा वाटेनासा झाला, कारण आपले म्हणणे कोणी वाचलेच नाही ही शंका त्यांना नकारापेक्षा कितीतरी अधिक दुरावते.

या यशाचे निम्म्याहून अधिक श्रेय कार्यालयातील पगारी सचिवांना आहे. बैठक संपल्यावर दोन-तीन दिवसांत इतिवृत्त यायचे आणि त्याच्या शेवटी कोणी, काय, कधीपर्यंत करायचे याची यादी असायची. मानद काम करणाऱ्यांना स्मरणपत्र पाठवणे हे नाजूक काम आहे, कारण त्यांना पगार नसतो आणि जाब विचारायचा अधिकारही कोणाला नसतो. त्या सचिवांनी ते काम आदराने आणि न चुकता केले. मानद काम म्हणजे खर्च नसलेले काम, अशी समजूत करून घेऊन कार्यालयातील मनुष्यबळ कमी करणाऱ्या संस्थांनी हे लक्षात घ्यावे की पाठीशी असे कोणी नसेल तर स्वयंसेवकाचा सारा वेळ बैठकीची तारीख ठरवण्यातच जातो.

आता स्थायी समित्यांकडे वळते, कारण तेथे चित्र एकदम पालटते. सभासदत्व, परीक्षा आणि प्रकाशने या विषयांच्या समित्या कायमस्वरूपी आहेत. सदस्याची मुदत दोन वर्षांची असली तरी ती कितीही वेळा वाढवता येते, आणि प्रत्यक्षात ती दर वेळी वाढवलीच जाते. परिणामी वर्षानुवर्षे तीच माणसे दिसतात. अध्यक्षच सर्व काम करतात कारण इतरांना ते येत नाही, आणि इतरांना ते येत नाही कारण अध्यक्षच सर्व काम करतात. अशाच एका समितीच्या अध्यक्षांनी अचानक पद सोडले तेव्हा परीक्षेच्या प्रश्नसंचाविषयीचा पत्रव्यवहार, जुन्या निर्णयांमागची कारणे आणि काही खात्यांचे पासवर्ड केवळ त्यांच्या वैयक्तिक मेलमध्ये असल्याचे उघड झाले. त्यांनी सहकार्य केले म्हणून निभावले. न केले असते तर परीक्षेचे एक सत्र पुढे ढकलावे लागले असते.

संघटनेचे काम जसजसे गुंतागुंतीचे होते तसतसे ते जाणणारी थोडी माणसे अपरिहार्य ठरतात आणि लोकशाही पद्धतीने चालणाऱ्या संघटनेतही सत्ता त्यांच्याच हाती एकवटते, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्ये राजकीय पक्ष आणि कामगार संघटनांच्या अभ्यासातून मांडले होते. व्यावसायिक संस्थांना ते आणखी लागू पडते, कारण येथे काम मानद असल्यामुळे ‘करतो आहे त्याला करू द्या’ असे म्हणणे सर्वांनाच सोयीचे असते. यावरचे उपाय ठाऊक नसलेले नाहीत. विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या आयईईई या आंतरराष्ट्रीय संस्थेत अध्यक्षपदाची रचना तीन वर्षांची आहे : पहिले वर्ष नियोजित अध्यक्ष म्हणून, दुसरे अध्यक्ष म्हणून आणि तिसरे माजी अध्यक्ष म्हणून. शिकणे आणि सोपवणे ही दोन्ही कामे त्या रचनेतच बसवलेली आहेत. आमच्या संस्थेनेही सर्वोच्च पदासाठी हीच पद्धत घेतली आहे, पण समित्यांना ती लावलेली नाही, आणि संस्थेचे रोजचे काम तर समित्यांतच होते.

दीर्घकाळ समित्या सांभाळणाऱ्या या मंडळींविषयी माझ्या मनात आदर आहे. संस्था लहान असताना सतरंज्या उचलण्यापासून हिशेब लिहिण्यापर्यंतची सगळी कामे यांनीच केली, त्यांतील काहींनी स्वतःच्या व्यवसायाचे नुकसान सोसले, आणि आज परीक्षेला जी प्रतिष्ठा आहे ती त्यांच्यामुळे आहे. मुदतीची मर्यादा घातली तर हा आपल्यावर अविश्वास आहे असे त्यांना वाटते. परंतु मर्यादा नसल्यामुळे त्यांचेही नुकसान होते, कारण थकल्यावर सन्मानाने बाहेर पडण्याची वाट त्यांना उरत नाही आणि मग माणूस एकतर रागावून पद सोडतो किंवा कामाकडे दुर्लक्ष करत पद धरून ठेवतो. मुदत संपल्यावर एक वर्ष मताधिकाराविना सल्लागार म्हणून राहण्याची तरतूद केली तर अनुभवही हाती राहील आणि जागाही रिकामी होईल.

निवडणुकीच्या बाबतीत माझे समाधान सर्वांत कमी आहे. उमेदवार सुचवणारी नामनिर्देशन समिती लगतच्या तीन माजी अध्यक्षांची आणि त्यांनीच निवडलेल्या दोन सभासदांची असते. ही समिती बहुतेक पदांसाठी एकच नाव पुढे करते, निवडणूक बिनविरोध होते आणि नंतर मतदान कमी झाल्याबद्दल कार्यालय हळहळ व्यक्त करते. निवडायला काही नसेल तर मत देण्यासाठी कोणी वेळ का काढावा, या प्रश्नाचे उत्तर वार्षिक अहवालात मिळत नाही. जिथे लढत असते तिथेही उमेदवाराचे निवेदन जेमतेम एका परिच्छेदाचे असते आणि त्याला प्रश्न विचारण्याची सोय नसते. सर्व निवेदनांत नव्या पिढीला जोडून घेण्याचा आणि संस्थेची दृश्यता वाढवण्याचा संकल्प असतो. परीक्षेच्या शुल्काचे काय करणार, लहान प्रयोगशाळांना समित्यांत जागा मिळेल का, याविषयी अक्षर नसते. मी दर वेळी मत देते, परंतु कोणत्या आधारावर देते हे मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

याहून चांगल्या पद्धती अस्तित्वात आहेत. आयईईईमध्ये नामनिर्देशनाबरोबरच सभासदांच्या सह्यांच्या अर्जानेही उमेदवार होता येते. सनदी लेखापालांची भारतातील संस्था १९४९ च्या कायद्याने स्थापन झाली. तिच्या केंद्रीय मंडळावर सभासदांनी निवडून दिलेले जास्तीत जास्त ३२ जण असतात आणि मतदान एकल संक्रमणीय पद्धतीने होते, म्हणजे मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो आणि एका उमेदवाराला गरज नसलेले मत पुढच्या पसंतीकडे जाते, त्यामुळे संख्येने लहान असलेल्या गटालाही आपला प्रतिनिधी पाठवण्याची वाजवी संधी असते. ती कायद्याने निर्माण झालेली संस्था आहे आणि तिच्या सभासदत्वाशिवाय तो व्यवसाय करता येत नाही, म्हणून स्वेच्छेने वर्गणी भरणाऱ्यांच्या संस्थेशी तिची थेट तुलना करणे योग्य होणार नाही, पण मतमोजणीची पद्धत उचलायला काही आडकाठी नाही.

मला सर्वाधिक विचारप्रवर्तक वाटते ती इंटरनेटची तांत्रिक मानके तयार करणाऱ्या आयईटीएफ या समूहाची रीत. तेथे औपचारिक सभासदत्वच नाही, त्यामुळे मतदार कोण हा प्रश्न त्यांच्यापुढे अधिकच अवघड होता. १९९२ मध्ये नेतृत्वाच्या एका तांत्रिक निर्णयावरून तेथे मोठा वाद झाला आणि त्यातून पदे भरण्याची नवी पद्धत आकाराला आली. कामात सहभाग असल्याची अट पूर्ण करणाऱ्या इच्छुकांमधून १० जणांची नामनिर्देशन समिती सोडतीने निवडली जाते. सोडतीचे सूत्र आणि त्यात वापरायचे आकडे कोठून येणार हे आधी जाहीर होते, त्यामुळे निकाल कोणालाही स्वतः पडताळून पाहता येतो. एकाच कंपनीशी संबंधित दोनपेक्षा अधिक जण समितीत येऊ शकत नाहीत, आणि समितीवर असलेल्याला त्या वेळी भरल्या जाणाऱ्या पदांसाठी स्वतःचा विचार करून घेता येत नाही. आमच्या संस्थेने पाचातील निदान दोन जागा जरी या रीतीने भरल्या तरी माजी अध्यक्षांच्या ओळखीपलीकडची नावे पुढे येतील, याबद्दल मला शंका नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेविषयी चांगले लिहिण्यासारखे बरेच आहे. कार्यक्रमपत्रिका, ताळेबंद आणि लेखापरीक्षकांचा अहवाल सभेच्या पुरेसा आधी येतो आणि जमाखर्चावर सामान्य सभासदाला समजेल अशी टिपणी जोडलेली असते. परीक्षांतून किती उत्पन्न आले, परिषदेत तोटा झाला की नाही, राखीव निधी किती महिन्यांच्या खर्चाला पुरेल, हे त्यातून कळते. लेखी प्रश्न आधी पाठवता येतात आणि त्यांची उत्तरे सभेनंतर प्रसिद्ध होतात, यात अडचणीच्या प्रश्नांची उत्तरेही असतात. दोष एकच आहे, पण तो मूलभूत आहे. सभेला न येणाऱ्याने आपले मत प्रतिनिधीकडे सोपवण्याचा जो अर्ज असतो त्यात प्रतिनिधी म्हणून सभाध्यक्षांचे नाव आधीच छापलेले असते. ते बदलता येते, परंतु घाईत अर्ज भरणारा बदलत नाही, आणि सभागृहात चर्चा कशीही झाली तरी ठरावाचे भवितव्य त्या अर्जांनी आधीच ठरलेले असते. बाजूने, विरोधात आणि तटस्थ असे तीन रकाने प्रत्येक ठरावापुढे द्यावेत आणि प्रतिनिधीची जागा कोरी ठेवावी. यासाठी खर्च येत नाही.

मागे घटनादुरुस्तीचा एक ठराव मतदानाला आला होता. समित्यांची रचना बदलण्याचा अधिकार घटनेतून काढून पोटनियमांत नेण्याचा प्रस्ताव होता, म्हणजे यापुढे सभासदांना न विचारता नियामक मंडळाला ती बदलता आली असती. मतपत्रिकेसोबत मंडळाचे अनुकूल निवेदन होते आणि प्रतिकूल निवेदन नव्हते. आयईईईमध्ये २०१६ मध्ये संचालक मंडळाच्या रचनेविषयी अशाच धर्तीची घटनादुरुस्ती सभासदांपुढे आली होती. तेथे सभासदांचे अधिकार कमी होतील अशी हरकत अनुभवी स्वयंसेवकांनी जाहीरपणे घेतली, दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले गेले आणि आवश्यक ते दोन-तृतीयांश बहुमत न मिळाल्याने दुरुस्ती नामंजूर झाली. दुरुस्ती योग्य होती की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. परंतु सभासद एरवी उदासीन दिसत असले तरी आपल्या हक्कांचा प्रश्न समोर आला आणि दोन्ही बाजू वाचायला मिळाल्या की ते विचार करून मत देतात, हे त्या प्रसंगाने दाखवले. आमच्याकडे ठराव मंजूर झाला. विरोधाचे निवेदन त्याच लांबीत छापले असते तर कदाचित तरीही झाला असता, पण तो निर्णय सभासदांचा म्हणता आला असता.

पगारी कार्यालय आणि मानद पदाधिकारी यांच्यातील संबंधांवर लिहायचे तर आरआयसीएस या १८६८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या सर्वेक्षक-मूल्यांककांच्या संस्थेचे प्रकरण डोळ्यांसमोर येते. निधीच्या व्यवस्थापनाविषयीचा २०१८ मधील गंभीर अंतर्गत लेखापरीक्षा अहवाल मंडळापुढे नीट का आला नाही, हा प्रश्न उपस्थित करणाऱ्या चार बिगर-कार्यकारी सदस्यांना तेथे पदावरून दूर करण्यात आले. पुढे स्वतंत्र चौकशी झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात त्यांना चुकीच्या रीतीने दूर केल्याचे आणि सुशासनाची तत्त्वे पाळली न गेल्याचे नमूद झाले, आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांसह वरिष्ठ पदाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. ते प्रकरण असे दाखवते की कोण कोणाला उत्तरदायी आहे हे संदिग्ध राहिले तर प्रश्न विचारणारा मानद सदस्यच अडचणीचा ठरतो. आमच्या संस्थेत अंतर्गत लेखापरीक्षकांचे अहवाल थेट लेखापरीक्षा समितीकडे जातात, समितीत संस्थेबाहेरची एक व्यक्ती असते आणि अहवालांचा सारांश नियामक मंडळाच्या इतिवृत्तात येतो. ही व्यवस्था समाधानकारक आहे. इतिवृत्त मात्र कित्येक महिन्यांनी प्रसिद्ध होते, तेव्हा त्यावर काही म्हणण्याची वेळ निघून गेलेली असते. कार्यगटाचे इतिवृत्त तीन दिवसांत देऊ शकणारे कार्यालय मंडळाचे इतिवृत्त एवढे उशिरा का देते, याचे समर्थन मला सापडलेले नाही.

सहभाग वाढवण्यासाठी म्हणून जे उपक्रम चालतात त्यांच्याविषयी थोडक्यात लिहिणे पुरे. वर्षातून अनेकदा सर्वेक्षणाचे अर्ज येतात. त्यांचे निष्कर्ष कधी समजत नाहीत आणि त्यामुळे पुढचा अर्ज भरण्याची इच्छा राहत नाही. डिजिटल बॅज आणि गुणांची योजना आहे, ती कोणाला आवडत असेल तर हरकत नाही. मानद कामाला व्यावसायिक विकासाच्या तासांत स्थान देणे मला अधिक उपयुक्त वाटते. प्रकल्प व्यवस्थापकांच्या पीएमआय या संस्थेत पीएमपी हे व्यावसायिक प्रमाणपत्र टिकवण्यासाठी तीन वर्षांत ६० पीडीयू (व्यावसायिक विकासाची एकके) मिळवावे लागतात आणि त्यांतील २५ पर्यंत व्यवसायाला परत काही देण्याच्या कामातून, म्हणजे मानद काम, लेखन, अध्यापन यांतून मिळू शकतात. आमच्या संस्थेने हे अद्याप केलेले नाही. मालकाकडे रजा किंवा सवलत मागताना अशा नोंदीचा उपयोग होतो, हे नोकरी करणारा प्रत्येक स्वयंसेवक सांगेल.

शाखांचा अनुभव जागेनुसार बदलतो. जिथे सचिव उत्साही आहे तिथे दर महिन्याला व्याख्यान होते आणि तरुण सभासदांना सूत्रसंचालनापासून हिशेबापर्यंतची कामे मिळतात. जिथे नाही तिथे शाखा केवळ कागदोपत्री असते. मुख्य कार्यालयाने किमान दोन शाखांना एकमेकींचे कार्यक्रम वाटून घ्यायला सांगावे, एवढीच अपेक्षा आहे.

हे सभासदत्व कोणी घ्यावे? व्यवसायात पाच-सात वर्षे झालेल्या, आपल्या विषयावर ठाम मते असलेल्या आणि वर्षभरात थोडे ठरावीक तास काढू शकणाऱ्या माणसाने जरूर घ्यावे, आणि नोंदणीच्या अर्जावर विसंबून न राहता कार्यगटांची निवेदने लक्ष ठेवून वाचावीत व थेट तेथे अर्ज करावा. तेथे मिळणारे शिक्षण आणि माणसे इतरत्र सहज मिळणार नाहीत. नुकत्याच उत्तीर्ण झालेल्यांनी आधी आपल्या जवळची शाखा जिवंत आहे का ते पाहावे. संस्थेच्या धोरणावर प्रभाव टाकण्याच्या हेतूने येऊ पाहणाऱ्याने मात्र वर्गणी भरण्यापूर्वी कार्यालयाला काही प्रश्न लेखी विचारावेत : मागच्या निवडणुकीत किती पदांसाठी एकाहून अधिक उमेदवार होते, स्थायी समित्यांच्या अध्यक्षांना त्या पदावर किती वर्षे झाली, आणि मंडळाच्या शेवटच्या प्रसिद्ध इतिवृत्ताची तारीख कोणती. उत्तरे किती लवकर आणि किती सरळ येतात, तेही नोंदवून ठेवावे.

मी माझे सभासदत्व पुढील वर्षासाठी चालू ठेवले आहे. स्थायी समित्यांवर सलग तीन मुदतींपेक्षा अधिक काळ राहता येऊ नये, असा पोटनियम सुचवणाऱ्या ठरावावर सूचक आणि अनुमोदकाच्या सह्या झाल्या असून तो आगामी सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत येण्यासाठी कार्यालयाकडे मुदतीत दाखल केलेला आहे. त्याच्यासोबत विरोधाचे निवेदनही समान लांबीत छापावे, अशी विनंती आम्ही अर्जातच केली आहे.